मेणबत्त्या राहू देत, रॉकेलचं बघा

प्रश्न: ‘मी २७ वर्षांची. मूळची परभणीची, आयटीतल्या नोकरीमुळे पाच वर्षं पुण्यात, हडपसर भागात राहते. सोसायटीच्या ग्रुपवर हल्ली जे येतं ते वाचून झोप उडते. दोन-तीन मोर्च्यांना जाऊन आले, सह्यांच्या मोहिमेत सह्या केल्या, पण घरी आलं की हात रिकामेच वाटतात. माझ्या भागात शांततेसाठी, सामाजिक न्यायासाठी काही करायचं आहे. ओळख कुणाची नाही. शनिवार-रविवार मोकळे असतात. सुरुवात कुठून करू?’

तुला ‘तू’च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

आधी काय करू नकोस ते सांगते, कारण त्यात लोकांची पहिली दोन वर्षं जातात. संस्था काढू नकोस. मंचाला नाव शोधत बसू नकोस. नवा व्हॉट्सॲप ग्रुप तर अजिबात नको. आणि तू आयटीतली आहेस म्हणून हेही सांगून टाकते: ॲप बनवू नकोस. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हुशार मुलगा वस्तीसाठी ॲप घेऊन येतो. आम्ही त्याला चहा पाजतो, तो जातो, ॲप राहतं. वस्तीत त्याची आठवण निघाली तर ‘तो चष्मेवाला बरा होता’ एवढीच.

आता माझं सांगते.

१९९३ चा जानेवारी. डिसेंबरनंतर मुंबई दुसऱ्यांदा पेटली होती. त्या दोन महिन्यांत तिथे ९०० माणसं गेली, हा आकडा पुढे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आला. आम्ही पुण्यातल्या कॉलेजांमधले बारा-पंधरा जण अस्वस्थ होऊन पूर्व भागातल्या एका वस्तीत सद्भावना फेरी घेऊन गेलो. हातात मेणबत्त्या, तोंडात गाणी. वारा होता, मेणबत्त्या सारख्या विझत होत्या आणि आम्ही एकमेकींच्या पेटवत होतो. नळकोंडाळ्यापाशी एक मावशी कळशी घासत बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “पोरींनो, मेणबत्त्या राहू देत, रॉकेलचं बघा.”

आम्ही हसलो. पण ते वाक्य घरापर्यंत पाठीमागे आलं. रेशनवर दोन महिने रॉकेल मिळालं नव्हतं. दुकानदार म्हणायचा गाडीच आली नाही, आणि गाडी आलेली अख्ख्या वस्तीने पाहिलेली. पुढच्या रविवारी मी एकटीच परत गेले. फेरीतलं दुसरं कुणी आलं नाही, त्यांच्या परीक्षा होत्या. माझीही होती.

रॉकेलची रांग माणसांची नसायची, डब्यांची असायची. पहाटेच डबे आणून ठेवायचे, कुणाच्या डब्यात खूण म्हणून वीट, कुणाच्या कडीला चिंधी. त्या रांगेत मावशींच्या डब्यामागे भंगारवाल्या चाचांच्या घरचा डबा. मावशी धुण्याभांड्याला गेल्या की चाचांची बायको, तिला सगळी वस्ती भाभी म्हणायची, दोन्ही डबे पुढे सरकवायची. मी त्या रांगेत चार महिने बसले. अकरा कार्डधारकांच्या सह्यांचा अर्ज केला, तो घेऊन रेशनिंगच्या ऑफिसात सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला इन्स्पेक्टर दुकानात आला आणि रजिस्टर पाहिलं. रॉकेल सुरू झालं. मोठा विजय वगैरे काही नव्हता, पण चाळीसेक घरांत मी ‘रॉकेलवाली ताई’ झाले. नाव कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, गणपतीच्या दिवसांत, रात्री अकराला पीसीओवरून फोन आला. एका गल्लीतल्या मुलाला दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी भोसकलं, दोन्हीकडे जमाव जमलाय. मी पोचले तेव्हा मधल्या बोळात ट्यूब फुटलेल्या होत्या आणि दोन्ही टोकांना माणसं उभी. ती कोण ते तुला कळलंच असेल. मी काहीही शहाणपणाचं बोलले नाही. मावशींना आणि भाभींना रिक्षात घातलं आणि ससूनला गेलो. मुलगा कॅज्युअल्टीत होता. मोटरसायकल दुभाजकावर आपटली होती, पायाला टाके पडले होते. मुलानेच दोघींना सांगितलं की ब्रेक लागला नाही. आम्ही परत आलो. मावशींनी आपल्या गल्लीत सांगितलं, भाभींनी आपल्या. दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका बाजूच्या बाईने दुसऱ्या बाजूची बाई सोबत होती असं सांगितलं, म्हणून ते पटलं. मी नुसतं रिक्षाभाडं दिलं.

ही गोष्ट तुला सांगण्याचं कारण: त्या रात्री त्या दोघींची ओळख करून द्यायची असती तर उशीर झाला असता. डबे सरकवताना ती झाली होती. तुझा प्रश्न शांततेचा आहे आणि मी तुला रेशन, पाणी, कागद यांच्याबद्दल सांगणार आहे, ते यासाठी. तणावाच्या रात्री तू काय बोलतेस याला फारशी किंमत नसते. किती दारं तुला उघडतात आणि ती उघडणारी माणसं एकमेकांना ओळखतात का, यावर सगळं असतं.

भिवंडीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे भिवंडीचं नाव काढलं तरी लोक दचकायचे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सत्तरच्या आसपास. त्यांनी कमिटीत पुढारी भरले नाहीत. यंत्रमागावरचे कामगार, रिक्षावाले, टपरीवाले, शिक्षक अशी दोन्ही धर्मांची साधी माणसं घेतली आणि प्रत्येक मोहल्ल्याला एक पोलीस जोडून दिला. बैठकीत राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं व्हायची नाहीत. तुंबलेलं गटार, नळावरची भांडणं, कुणाच्या मुलाने कुणाच्या मुलीला छेडलं, असले विषय. १९९२ च्या डिसेंबरात बाबरी पडली, मुंबई पेटली आणि जिथून ठिणगी पडेल असं सगळे धरून चालले होते ती भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसं त्यात होती. पोलीस आणि मोहल्ल्यातली पोरं एकत्र क्रिकेट खेळू लागली.

पण भिवंडीची गोष्ट सांगणारे पुष्कळ जण १९९२ लाच थांबतात, ते मला पटत नाही. जुलै २००६ मध्ये तिथे एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पुन्हा हिंसा झाली. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. कमिट्या तोवर नावाला उरल्या होत्या. अधिकारी बदलले, बैठका लांबल्या, नवी माणसं आली नाहीत. हे काम एकदा करून ठेवलं आणि झालं, असं नसतं. घरातलं पाणी रोज भरावं लागतं तसलं ते आहे.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या सोसायटीत झाडू मारायला, भांडी घासायला, कचरा न्यायला ज्या बायका येतात त्या कुठल्या वस्तीतून येतात, ते तुला माहीत आहे? नसेल तर सुरुवात तिथूनच. त्यांच्यातल्या एकीला विचार की रेशन नीट मिळतं का. हा प्रश्न ‘तुमच्या समस्या काय’ यापेक्षा हजार पटीने बरा, कारण याला उत्तर असतं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य अन्नसुरक्षा कायद्याने द्यायचं असतं. प्रत्यक्षात ‘आईचा अंगठा लागत नाही’ हे तू पहिल्या दिवशीच ऐकशील. वर्षानुवर्षं भांडी घासून, भंगार वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि दुकानातलं मशीन त्या माणसाला ओळखतच नाही. अंगठा लागला नाही एवढ्यावरून धान्य नाकारायचं नसतं, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्यायची असते. हे दुकानदाराला माहीत असतं आणि आजीला नसतं. तू तिच्याबरोबर दुकानात जाऊन नुसती उभी राहिलीस तरी निम्म्या वेळा काम होतं. उरलेल्या निम्म्या वेळा रेशनिंगच्या परिमंडळ कार्यालयात जावं लागतं. तिथे ‘मॅडम फिल्डवर गेल्यात’ हे ऐकायची सवय लावून घे.

कागदाचं एक तंत्र आहे, ते सांगून ठेवते. अर्ज कधीही एका प्रतीत देऊ नकोस. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोच नसली की तू तिथे गेलीच नव्हतीस. महिनाभरात हालचाल झाली नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, म्हणून शक्य तिथे अर्ज त्या बाईच्याच नावाने कर. पैसे वाचतात हे एक झालं. खरं म्हणजे उत्तराचं पाकीट तिच्या घरी येतं, पोस्टमन तिचं नाव घेतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील. ‘का दिलं नाही’ असं विचारू नकोस, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नाही. ‘अमुक दुकानाच्या अमुक महिन्याच्या धान्यवाटप नोंदीची प्रत द्या’ असं माग.

हे काम एकटीने करू नये. पुण्यात तर गरजही नाही. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत आहे. १९९३ पासून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत आहे आणि २००८ पासून त्यातूनच आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. तुझ्या दारातला कचरा नेणारी बाई बहुधा तिचीच सभासद असेल. राष्ट्र सेवा दल, अंधश्रद्धा निर्मूलन समिती, घरकामगारांच्या संघटना, स्त्रियांचे गट, सगळे आहेत. कुठल्याही एकाच्या आठवड्याच्या बैठकीला सलग आठ वेळा जा. तोंड बंद ठेवून जा. तिसऱ्या बैठकीला कुणीतरी विचारेल, ‘इतिवृत्त लिहिशील का?’ हो म्हण. इतिवृत्त लिहिणाऱ्याला संघटनेतलं राजकारण, पैशांची ओढाताण, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं दोन महिन्यांत कळतं. आठ बैठकांनंतरही तुला तिथे गुदमरल्यासारखं झालं तर खुशाल दुसरीकडे जा, यात पाप नाही. आमच्या चळवळीत भांडणं फार आहेत, ते मी लपवत नाही.

सोसायटीचा ग्रुप. झोप तिथे उडते म्हणालीस, तर त्याचं सविस्तर सांगते.

अफवेला धर्म लागतोच असं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, पालघरमधल्या गडचिंचल्याला तसल्याच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्या घटनेला धर्माचा रंग द्यायचा प्रयत्न दुसऱ्याच दिवशी सुरू झाला, तेव्हा अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही हे गृहमंत्र्यांना यादी जाहीर करून सांगावं लागलं. आणि तुझ्या हडपसरमध्ये २ जून २०१४ ला, फेसबुकवरच्या चित्रांवरून तणाव पेटलेला असताना, सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका आयटीतल्या तरुणाला रस्त्यात मारून टाकलं. पुढे २०२३ साली सगळे आरोपी निर्दोष सुटले. तू रोज जातेस त्याच भागातली ही गोष्ट आहे, आणि तोही तुझ्यासारखाच बाहेरगावाहून आला होता.

ग्रुपवर असलं काही आलं की तिथेच भांडू नकोस. चारचौघांत कुणी माघार घेत नाही, उलट आणखी दोन फॉरवर्ड टाकतो. ज्या काकांनी टाकलं त्यांना फोन कर, शक्य असेल तर जिन्यातून खाली जाऊन दार वाजव. “काका, हे कुठलं आहे? कधीचं? तुम्हाला कुणी पाठवलं?” एवढंच विचार. आवाज चढवायचा नाही. दहातल्या सहा वेळा ते म्हणतात, “अगं आलं म्हणून टाकलं.” मग म्हणायचं, “मग काढून टाका ना, उगीच पोरं पेटतात.” माझ्या अनुभवात बरेच जण काढतात. उरलेले चार काढत नाहीत. त्यांतला एखादा खरोखरच विषारी असतो, त्याला आपण बदलू शकत नाही. त्याच्याकडे न बघता बाकीच्यांशी ओळख ठेवायची. मारहाणीला चिथावणी देणारं काही असेल तर स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात दे, तातडीचं असेल तर ११२.

आणि खोटं उघडं पाडायला म्हणूनसुद्धा तो फोटो पुढे पाठवू नकोस. मी एकदा पाठवला. खाली लिहिलं, ‘हा फोटो इथला नाही, जुना आहे, विश्वास ठेवू नका.’ दोन तासांनी तोच फोटो तिसऱ्याच ग्रुपवरून मला परत आला. माझी ओळ कुणीतरी कापली होती आणि वर लिहिलं होतं, ‘ताईंनी पाठवलंय.’ त्या रात्री मी पंधरा फोन केले. तेव्हापासून मी फक्त शब्दांत लिहिते: अमुक चौकात मी स्वतः आहे, दुकानं उघडी आहेत, इतके वाजले. वेळ आणि जागा. बाकी काही नाही.

मिरवणुकींबद्दल थोडक्यात. प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समिती असते आणि गणपती, ईद, मोहरम, जयंत्या यांच्या आधी तिची बैठक होते. पुढच्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष आणि माजी नगरसेवक, मागे चहा. तिथे तुला लगेच जागा मिळणार नाही, आणि नाही मिळाली तरी फार बिघडत नाही. खरा निर्णय आधीच झालेला असतो: कुठली मिरवणूक किती वाजता कुठल्या चौकातून जाणार, मशिदीपुढे ढोल किती वेळ थांबणार, मंडळाचे स्वयंसेवक कुठे उभे राहणार. हे चार माणसांच्या फोनवर ठरतं आणि ती चार माणसं एकमेकांना ओळखत असावी लागतात. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ ला सुट्टी दिली. २०२४ ला ईद अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आली, तेव्हाही जुलूस पुढे ढकलून १८ सप्टेंबरला. वर्तमानपत्रांत त्या बातम्या छोट्याच होत्या. मशिदीत गणपती बसवणाऱ्या गावांचे फोटो मात्र दरवर्षी मोठे छापून येतात. ती गावं आहेत, कुरुंदवाडला मी स्वतः पाहिलंय आणि डोळे भरून आले होते. पण त्या फोटोंपेक्षा मला तारीख पुढे ढकलण्याचा तो कंटाळवाणा निर्णय जास्त मोठा वाटतो.

आता जे सांगणार आहे ते मला जड जातं.

शांततेचं काम करणाऱ्याला ‘मिटवामिटवी’ची चटक लागते. मला लागली होती. २००१ च्या सुमाराला पुण्यापासून तासाभरावरच्या एका गावात मातंग समाजातल्या मुलाची वरात देवळापुढून नेऊ दिली नाही आणि नवऱ्या मुलाच्या भावाला मारलं. त्याचं डोकं फुटलं होतं. मी आणि माझे दोन सहकारी गेलो, दोन्हीकडच्यांना बसवलं, सरपंच आले, पोलीस पाटील आले, चहा झाला, हातात हात दिले. फोटो छापून आला. ते कुटुंब गप्प बसून होतं. मी त्या गप्प बसण्याला समाधान समजले. सहा महिन्यांनी त्या मुलाची आई मला भेटली तेव्हा कळलं, गावच्या गिरणीत त्यांचं दळण घेईनात, शेतावर कामाला बोलवेनात. ती दुसऱ्या गावाहून दळून आणत होती, डोक्यावर. ती म्हणाली, “ताई, तुम्ही आला नसता तर आम्ही ठाण्यात गेलो असतो.” पुढच्या वर्षी त्यांनी गाव सोडलं.

त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. त्यानंतर मी एक नियम केला. भांडण बरोबरीच्यांचं असेल तर मिटवायला बसायचं. एकाने मारलंय आणि दुसऱ्याने खाल्लंय, आणि मारणाऱ्याच्या हातात गावची गिरणी आहे, तर आधी ठाण्यात जायचं. समेटाचं नंतर बघू, आणि तोही मार खाणाऱ्याने मागितला तर. अट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे. त्याचा तपास पोलीस उपअधीक्षक, शहरात सहायक आयुक्त, याच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. ‘एनसी घेतो, सकाळी या’ म्हटलं (एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) तरी बसून राहायचं. बहिष्कारासाठी तेव्हा महाराष्ट्रात वेगळा कायदा नव्हता. तो २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. आता दळण नाकारलं तर ते ‘गावचं अंतर्गत’ राहत नाही. पण कायदा असला तरी त्या बाईबरोबर ठाण्याच्या बाकावर चार तास बसायला माणूस लागतोच. तू नोकरी करतेस, इंग्रजी बोलतेस, लॅपटॉपची बॅग तुझ्या खांद्याला असते. ठाणे अंमलदार तुझ्याशी वेगळ्या आवाजात बोलेल. ते चूक आहे, पण आहे तोवर ती बॅग त्या बाईच्या बाजूने वापर. बोलू मात्र तिलाच दे.

सत्तरच्या दशकात बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरले. ती मोहीम मला अजून धडा वाटते. समता या विषयावर व्याख्यान देऊन ते परत येऊ शकले असते. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात दलितांना पाणी कुठल्या विहिरीवर मिळतं? रॉकेलवाल्या मावशी आणि हा प्रश्न, माझ्या लेखी दोघांची जात एकच. या बाबतीत जात हा शब्द मला चालतो.

गावाशी तुझा संबंध असेलच. परभणीला गेलीस की ग्रामसभेला बस. बायका कमीच असतात, त्यामुळे तू गेलीस की सगळे वळून बघतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद केल्या. पंधरा दिवसांत सरकारने बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव झाला म्हणून प्रथा संपली असं नाही, पण एखाद्या सुनेला ‘नाही’ म्हणायला कागद मिळाला.

भीतीबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. मोर्चा, धरणं करायचं तर ठाण्यात आणि विशेष शाखेत पत्र द्यायचं, पोच घ्यायची. जमावबंदीचा आदेश अधूनमधून लागू असतोच, तो पाहून ठरवायचं. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच नोटीस देतात; पूर्वी तिला सीआरपीसी १४९ ची म्हणायचो, आता नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात ती बीएनएसएस १६८ ची येते. ती म्हणजे अटक नव्हे. वाचायची, तारीख टाकून सही करायची, एक प्रत ठेवायची. ठाण्यातला गोपनीय माहिती काढणारा हवालदार कधीतरी फोन करेल, ‘मॅडम, किती लोक येणार?’ खरं सांगायचं. नोकरीच्या करारात काय लिहिलंय ते एकदा नीट वाच, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नकोस. वस्तीत रात्री जायचं तर दोघींनी जायचं.

आणि मोठी भीती. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या, त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. मी त्या दिवशी तिथे पोचले तेव्हा पोलिसांनी दोरी बांधली होती आणि एक दूधवाला सायकल हातात धरून नुसता उभा होता. भीती गेली असं मी सांगणार नाही. त्यानंतर आमच्यातले दोघे थांबले, त्यांना मी कधी दोष दिला नाही. उरलेले पुढच्या बैठकीला आले. त्या बैठकीत विषय पाणीपट्टीचा होता, तो तसाच घेतला.

शेवटी तुझ्या शनिवार-रविवारचं. वस्तीत जायला रविवार उत्तम, बायका दुपारी घरी असतात. पण फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य सरकारचा आठवडा पाच दिवसांचा आहे, म्हणजे तुझी सुट्टी आणि कचेरीची सुट्टी एकच. नुसत्या शनिवार-रविवारात तू लोकांची गाऱ्हाणी गोळा करशील आणि ती कुठेच पोचवू शकणार नाहीस. त्यामुळे महिन्यातला एक सोमवार रजा टाक, जमलं तर पहिला. जिल्हाधिकारी कार्यालयात त्या दिवशी लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे पहिला सोमवार पंधरा दिवसांच्या आत आला असेल तर तो नाही, पुढच्या महिन्यातला. तोवर त्या आजीच्या रेशनकार्डाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून ठेव. मागची बाजू लोक नेहमी विसरतात.